पैशाच्या अन् चिखलफेकीच्या निवडणुकीला वैतागलेल्या मतदारांसाठी: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक लागली की पानठेल्यावर, बचत गटाच्या बैठकीत, बाजाराहून परतताना ऑटोत तेच तेच प्रश्न निघतात. यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांत मतदार जागृतीचं काम करताना मला जे पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाले, ते इथे लोकांच्याच बोलीत ठेवले आहेत. उत्तरं माझी आहेत. कोणत्या पक्षाची बाजू यात नाही. बाजू आहे ती वैतागलेल्या मतदाराची.

सगळे सारखेच. मंग मतदानाले जाऊन करू काय?

वैताग खरा आहे आणि त्याला कारणंही आहेत. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा आठवा. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. एका बाजूने सहा हजारांचं आश्वासन आलं, दुसऱ्या बाजूने सात हजारांचं. त्यानंतर मात्र सभांमध्ये गद्दार कोण, खोके कोणी घेतले, कोणाचा बाप कोण, हेच चाललं. रानडुकरांनी उकरलेला हरभरा, रात्रीच मिळणारी कृषिपंपाची वीज, अडलेला पीक विमा यांवर बोलायला कोणाला वेळ झाला नाही.

तरीही आपल्याकडचे लोक मतदानाला जातात. २०२४ च्या लोकसभेत गडचिरोली-चिमूरमध्ये ७० टक्क्यांच्या वर मतदान झालं, आणि तेही नक्षलग्रस्त भागात तीन वाजताच केंद्रं बंद होत असताना. नागपूर शहराच्या मतदारसंघात ते ५४ टक्क्यांच्या आसपास राहिलं. मन उडालं तरी गावाचे पाय बूथकडे वळतात. वैताग दिसतो तो दुसरीकडे: "सगळेच खातात, तर आपणही घेऊ" असं म्हणण्यात.

घरी बसण्याचा हिशेब एकदा करून पाहा. समजा बूथवर ६०० मतं पडतात आणि त्यातली २०० विकत घेतलेली आहेत. म्हणजे एक तृतीयांश. वैतागून २०० लोक घरी राहिले तर तीच २०० मतं उरलेल्या ४०० मधली निम्मी होतात. पैसे वाटणाऱ्याने एक रुपयाही जास्त न देता त्याचं वजन वाढलं. एकमेकांना शिव्या घालण्याचा प्रचार याच कामी येतो असं माझं ठाम मत आहे. समोरच्याची मतं आपल्याकडे वळवणं कठीण जातं, पण त्याच्या मतदाराला किळस आणून घरी बसवणं सोपं असतं.

पैसे घेतले अन् मत दुसऱ्याले देलं, तं काय बिघडते? पैसा आपलाच हाये ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मतदानाच्या आदल्या दोन रात्री गावात काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. मतदार यादीची झेरॉक्स घेऊन दोन-तीन पोरं फिरतात. नावापुढे पेनाच्या खुणा असतात: आपला, त्यांचा, डळमळीत. डळमळीत घरासमोर जास्त वेळ जातो. घरातली मतं मोजली जातात आणि बाहेरगावी असलेली वजा होतात. पोरगा पुण्याला कंपनीत असेल आणि यायला तयार असेल, तर त्याच्या बसभाड्याची वेगळी बोली लागते. चार मतं, चार नोटा, आणि चारही नोटा घरातल्या बुढ्याच्या हातात. सुनेला किती आले, सासूला किती आले, हे विचारायची सोय नाही. मत चौघांचं जातं, व्यवहार एकटा माणूस करतो. बायांच्या बैठकीत मी हे बोललो की आधी शांतता पसरते, मग एकेक जण बोलायला लागते.

कायदा स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० नुसार मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघेही लाचखोरीचे गुन्हेगार. कलम १७३ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पैसे घेऊन मत दुसऱ्याला दिलं, म्हणून घेणारा सुटत नाही.

पण गावात कायद्यापेक्षा मोठं नुकसान आणखी एक आहे. तिकीट वाटताना पक्ष इच्छुकाला पहिला प्रश्न विचारतो: खर्च किती करणार? शाळेसाठी झटलेला, तहसीलच्या चकरा मारून लोकांच्या पीक विम्याची कामं करून देणारा माणूस इथेच बाद होतो. आपण घेतलेल्या प्रत्येक नोटेने या प्रश्नाचा आकडा वाढतो. मग मशीनवर जी नावं उरतात, ती पाहून आपणच म्हणतो, सगळे सारखेच. चांगला माणूस मतदानाच्या किती तरी आधी, तिकिटाच्या वेळीच गळालेला असतो.

आणि हो, पैसा आपलाच आहे. म्हणून तर तो आपल्याकडूनच वसूल होतो. पांदण रस्त्यावर जेवढा मुरूम कागदावर असतो तेवढा जमिनीवर पडत नाही. ऑगस्टमध्ये बंडी फसते आणि युरियाचं पोतं धुऱ्याधुऱ्यानं डोक्यावर न्यावं लागतं, तेव्हा त्या पाचशेच्या नोटेची परतफेड चालू असते.

पाचशे रुपयांत आठवड्याचा किराणा भागवणाऱ्या मजूर बाईला दोष द्यायला मी तयार नाही. माझा राग आहे तो ज्यांच्या घरी वीस एकर ओलीत आहे आणि तरी जे यादी घेऊन आलेल्या पोरांना दारात बसवून भाव करतात, त्यांच्यावर.

देवाच्या फोटोवर हात ठेवून शपथ घ्यायले लावली. आता मोडली तं?

ही भीती फार खरी आहे, आणि वाटणाऱ्यांना ती पक्की ठाऊक असते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(२) मध्ये हीच गोष्ट लिहिली आहे: अमुकाला मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल असं मतदाराला वाटायला लावणं म्हणजे गैरवाजवी दबाव, आणि तो भ्रष्ट आचार आहे. म्हणजे दोष शपथ घालणाऱ्याचा. तुम्ही कोणालाही दिलेलं वचन मतदानाच्या खोक्याआड बंधनकारक नाही. श्रद्धेचा प्रश्न असेल तर माझं एवढंच म्हणणं आहे की देवाला साक्षीला ठेवून पैसे वाटणाऱ्यानेच आधी देवाला तोंड दाखवावं.

आपण कोणाले मत देलं हे त्यांले कळते का?

तुमचं एकट्याचं मत कळत नाही. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती फक्त तुम्हाला. नंतर ती डब्यात पडते आणि तिच्यावर तुमचं नाव नसतं. "आम्हाला कॉम्प्युटरवर दिसते" असं सांगत फिरणारे खोटं बोलतात.

गावाचं मत मात्र कळतं. मोजणी बूथनिहाय होते आणि फॉर्म २० मध्ये प्रत्येक बूथचे आकडे जाहीर होतात. शहरात त्याचं काही वाटत नाही. पण यवतमाळमधल्या एखाद्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या छोट्या वस्तीवर, किंवा दीड-दोनशे मतांच्या टोल्यावर "तुमच्याकडून आम्हाला बाराच मतं पडली" हे वाक्य पुढची पाच वर्षं ऐकावं लागतं आणि हातपंप दुसऱ्या गावाला जातो. याला उपाय आहे. अनेक बूथांची मतं एकत्र मिसळून मोजणारं टोटलायझर नावाचं यंत्र वापरावं अशी शिफारस निवडणूक आयोगाने केली होती, आणि विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालातही ती मांडली. केंद्र सरकारने मान्य केली नाही. लहान गावांच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाची निवडणूक सुधारणा मला दिसत नाही, आणि आमच्या एकाही उमेदवाराच्या तोंडून ती मी ऐकलेली नाही.

खर्चाची मर्यादा असते म्हणे. मंग एवढ्या गाड्या, एवढी जेवणं कशी?

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे. २०२२ पासून हे आकडे लागू आहेत. मतदारसंघात तीन लाख मतदार धरले तर विधानसभेला माणशी तेरा रुपये होतात. पाचशेची नोट फक्त आठ हजार लोकांना दिली तरी सगळी मर्यादा संपते, आणि अजून एक बॅनर लागलेला नसतो, एका गाडीत डिझेल पडलेलं नसतं. यावरून कागदावरचा हिशेब कितपत खरा असेल ते तुम्हीच ठरवा.

पळवाट मात्र कायद्यातच आहे. मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च, हेलिकॉप्टरसकट, उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सुप्रीम कोर्टाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरावा असं म्हटलं होतं. संसदेने लागलीच कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. २००३ मध्ये ती सूट बरीच कमी झाली, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही मर्यादा नाही.

तरी हिशेब पाहण्यासारखा असतो. जिल्हा निवडणूक अधिकारी चहा, नाश्ता, खुर्ची, मंडप, भोंगा यांचं दरपत्रक काढतात आणि उमेदवाराला त्या दराने खर्च दाखवावा लागतो. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा असतो. योग्य कारणाशिवाय दिला नाही, तर आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. हा हिशेब कोणीही नाममात्र शुल्क भरून पाहू शकतो आणि त्याची प्रत मागू शकतो. तुमच्या गावात झालेली सभा आठवा, खुर्च्या आठवा, आणि कागदावर किती लिहिल्यात ते वाचा.

पक्षाकडे हा पैसा येते कुठून?

मोठा वाटा उद्योगांकडून आणि धनिकांकडून. २०१८ पासून निवडणूक रोख्यांमधून देणाऱ्याचं नाव झाकून पैसा देता येत होता. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती योजना घटनाबाह्य ठरवली, कारण कोणाचा पैसा कोणाकडे जातो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे. वीस हजारांच्या आतल्या देणग्यांची नावं मात्र आजही जाहीर करावी लागत नाहीत. गावपातळीवरचा पैसा तर यातल्या कुठल्याच वहीत नसतो. तो ठेकेदार, वाळूवाले आणि जमिनीच्या व्यवहारातून येतो.

सभेले गेलं तं रोजी भेटते. त्यात काय वाईट?

२०२४ च्या विधानसभेला २० नोव्हेंबरला मतदान, म्हणजे प्रचार ऐन कापूस वेचणीत. सकाळी आठला टेम्पो पारापाशी उभा राहतो. बायांना एक रोजी, पुरीभाजीचं पाकीट, पाण्याचा पाऊच आणि गळ्यात दुपट्टा. चार तास उन्हात बसायचं. नेता दोन वाजता येतो, वीस मिनिटं समोरच्याची टिंगल करतो आणि हेलिकॉप्टर उडतं. इकडे वावरात बोंडं फुटून कापूस लोंबतो, वेचणीला बाया मिळत नाहीत आणि लहान शेतकऱ्याला जास्त दर द्यावा लागतो.

गेलेल्या बाईला मी नावं ठेवत नाही. वेचणीत पाठ मोडते, सभेत बसून तेवढेच पैसे मिळतात. पण भाड्याच्या गर्दीकडे पाहून नेत्याला वाटतं की लोक त्याच्या टिंगलीवर खूश आहेत. रोजी घेऊन गेलात तरी टाळी तुमच्या हातात आहे. पांदण रस्त्यावर बोलला तर वाजवा.

व्हॉट्सॲपवर रोज एकमेकांच्या भानगडी येतात. खरं कोणतं समजावं?

एक खूण लक्षात ठेवा. प्रचाराच्या प्रत्येक छापील पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ नुसार सक्तीचं आहे. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या भागात शेवटच्या रात्री दाराखालून सरकवलेली पत्रकं जवळजवळ नेहमी निनावी असतात. कोणाच्या बाईचं नाव, कोणाच्या पोराची भानगड, कोणी कोणत्या जातीला काय म्हटलं. निनावी पत्रक आलं की ते वाचून पुढे देण्याऐवजी जपून ठेवा. तो पुरावा आहे.

उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापणं त्याच कायद्याच्या कलम १२३(४) नुसार भ्रष्ट आचार आहे आणि न्याय संहितेच्या कलम १७५ नुसार गुन्हाही. जात-धर्माच्या नावावर मत मागणं हाही भ्रष्ट आचारच. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितलं की यात उमेदवाराचीच नव्हे तर मतदाराची जात आणि धर्मही येतो. बनावट व्हिडिओ दिसले तर पक्षांनी ते तीन तासांत काढावेत, असे आदेश आयोगाने मे २०२४ मध्ये दिले होते. पण गावच्या ग्रुपवर तीन तासांत जे व्हायचं ते होऊन जातं.

माझा नियम साधा आहे. उमेदवाराने फॉर्म २६ मध्ये दिलेलं शपथपत्र आधी वाचायचं. त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे आणि शिक्षण सगळं असतं, आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. २००२-०३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी हा हक्क आपल्याला मिळाला. मागच्या वेळचं आणि या वेळचं शपथपत्र शेजारी ठेवलं की कोणत्याही भाषणापेक्षा जास्त कळतं.

नोटा दाबला तं?

नोटा म्हणजे मशीनवरचं "यांपैकी कोणीही नाही" हे बटण. २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते आलं. लोकसभा-विधानसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रातल्या महापालिका, नगर परिषदा आणि नगर पंचायतींत मात्र वेगळं आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक होते. म्हणजे तिथे हे बटण खरोखर ताकदीचं आहे.

अख्ख्या गावानं बहिष्कार टाकला तं?

मेळघाटातल्या काही गावांनी २०२४ च्या लोकसभेत रस्ता, पाणी, वीज नाही म्हणून मतदान केलं नाही. अशा वेळी तहसीलदार येतात, बातमी येते, कधी लेखी आश्वासनही मिळतं. इतकी वर्षं अंधारात काढलेल्या गावाला हे चुकीचं म्हणायची माझी हिंमत नाही. पण ज्यांच्याकडे बातमीदार पोहोचत नाही अशा गावाने बहिष्कार टाकला, तर निकालानंतर त्या बूथचा शून्य कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

लाडक्या बहिणीचे पैसे म्हणजे बी लाचच का?

कायद्याने नाही. सरकारी योजना किंवा जाहीरनाम्यातलं वचन लाच ठरत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तसं म्हटलं आणि २०२२ मध्ये तो प्रश्न फेरविचारासाठी तीन न्यायमूर्तींकडे पाठवला. जुलै २०२४ पासून मिळणारे १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, ते तिच्या हक्काचे. मतासाठी वाटलेल्या पैशाच्या पाकिटात आणि यात फरक आहे: पाकिटाला पावती नसते, योजनेला शासन निर्णय असतो आणि तो विचारता येतो. निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी २,१०० चं वचन दिलं होतं, विरोधकांनी ३,००० चं. २,१०० च्या वचनाचं काय झालं, हे विचारायचा हक्क ज्या बाईने सत्ताधाऱ्यांना मत दिलं नाही तिलाही आहे. "पैसे घेता तर मत आम्हालाच द्या" असं सांगणाऱ्याला ठणकावून नाही म्हणा.

दारूबंदीच्या जिल्ह्यात बी दारू वाहते, ते?

वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कागदावर बंदी आहे, तरी निवडणुकीत पेट्या येतात. मार सोसतात त्या बाया, आणि तक्रारीलाही त्याच पुढे येतात. गटाने मिळून गेलात तर पोलिसांना लिहून घ्यावंच लागतं.

तक्रार केली तं गावात राहायचं कसं?

लोकसभा-विधानसभेला आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे. त्यातूनच फोटो किंवा छोटा व्हिडिओ काढायचा, ठिकाणाची नोंद आपोआप होते, आणि नाव न देता तक्रार करता येते. शंभर मिनिटांत दखल घेण्याचं बंधन आहे. १९५० वर फोनही करता येतो. पण रेंज नसलेल्या गावात ॲप चालत नाही, आणि भरारी पथकाची गाडी येईपर्यंत पोरं दुसऱ्या गल्लीत गेलेली असतात. म्हणून एकट्याने लढू नका. चार-पाच घरांनी आधीच ठरवून टाकलेलं बरं: आमच्या दारी येऊ नका. हे बोलायला कोणतंही ॲप लागत नाही आणि वाटणाऱ्यांना ते लगेच समजतं.

कापूस विकून येताना नाक्यावर पैसे पकडले तं?

आचारसंहितेत ५० हजारांपेक्षा जास्त रोख जवळ असेल तर कागद दाखवावा लागतो. व्यापाऱ्याची हिशेबपट्टी, बँकेची पावती, सातबारा सोबत ठेवा. तरीही जप्त झाले तर पंचनाम्याची प्रत मागा आणि जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. उमेदवाराशी संबंध नसेल तर रक्कम परत मिळते. गरीब शेतकऱ्याची पिशवी तपासली जाते आणि वाटपाचा पैसा आठवडाभर आधीच गावात पोहोचलेला असतो, ही तक्रार मला अगदी रास्त वाटते.

ग्रामपंचायतीत तरी पैसा बंद होईल का?

तिथे तर तो जास्त बोचतो, कारण वाटणारा चुलतभाऊच असतो. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्यामुळे राज्य निवडणूक आयोगाने निवडणूकच रद्द केली. "पैसा देवळाला दिला" असं सांगितलं तरी लिलाव तो लिलावच.

दुसरी वाटही आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणत सगळे निर्णय ग्रामसभेत, सर्वांची सहमती होईपर्यंत बसून घेण्याची रीत पाडली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. ज्या गावात खर्चाचा कागद सगळ्यांसमोर वाचला जातो, तिथे मत विकत घेऊन कमाई करायला फारशी जागा उरत नाही.

निवडणूक होऊन गेली. आता पाच वर्षं गप्प बसायचं का?

कामाला लागायची वेळ हीच. निकालापासून ४५ दिवसांत साधा मतदारही भ्रष्ट आचाराविरुद्ध उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करू शकतो. आपल्यासाठी ते नागपूर खंडपीठ. खर्चिक आहे, पण हक्क आहे. तीस दिवसांनंतर उमेदवाराचा हिशेब मागवा. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. त्यातलं आपल्या गावात काय आलं, कोणत्या ठेकेदाराला मिळालं, मोजमाप पुस्तिकेत मुरमाची जाडी किती लिहिली, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्ज साध्या मराठीत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून.

मग २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ज्या दिवशी ग्रामसभा असेल त्या दिवशी तो कागद घेऊन जा आणि मोठ्याने वाचा. ग्रामसेवकाला (आता ग्रामपंचायत अधिकारी) कार्यवृत्तात लिहायला सांगा, आणि लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.